न्यू अ‍ॅमस्टरडॅमला हक्क कुणी दिले?

"डचांनी न्यू अ‍ॅमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, सुरुवातीपासून लोकांनी निवडलेलं नगर सरकार दिलं. सगळ्या धर्मांना मोकळीक दिली, गुलामांना मुक्त केलं. १६६४ मध्ये इंग्रज आले आणि सगळं बुडालं." हा मजकूर बराच फिरतोय. त्यातलं 'दिलं' हे क्रियापद मला सगळ्यात जास्त खटकतं.

आधी नगर सरकार. वस्ती १६२०च्या दशकातली, नगराची सनद मात्र २ फेब्रुवारी १६५३ ची. मधली पंचवीसेक वर्षं वेस्ट इंडिया कंपनी या डच व्यापारी कंपनीचा डायरेक्टर आणि त्याचं कौन्सिल हेच सरकार आणि हेच कोर्ट. (वेंगुर्ल्याला डचांची वखार होती ती त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची, ही वेगळी.) १६४१ मध्ये डायरेक्टर विलेम कीफ्टला मूळ रहिवाशांशी लढायला लोकांचा पाठिंबा हवा होता, म्हणून त्याने बारा जणांचं मंडळ बोलावलं. मंडळाने उलट कौन्सिलवर लोकांची माणसं घ्या अशी मागणी केली. कीफ्टने मंडळच मोडलं आणि परवानगीविना सभा भरवायला बंदी घातली. वर्षभरात त्याच्या सैनिकांनी नदीपलीकडच्या पाव्होनियाला रात्री झोपलेल्या मूळ रहिवाशांची, बायकामुलांसकट, कत्तल केली. लायडनला कायदा शिकलेला अ‍ॅड्रियन व्हॅन डर डॉंक पुढे १६४९ मध्ये वसाहतीचं गाऱ्हाणं घेऊन थेट हेगला, डच सरकारकडे गेला. त्या रेट्यातून ही सनद आली.

तिच्यातही निवडणूक नव्हती. दोन बर्गोमास्टर आणि पाच शेपेन, म्हणजे नगर चालवणारे आणि निवाडे करणारे पंच, डायरेक्टर पीटर स्टायव्हेसंटने स्वतः नेमले. फिर्यादी आणि पोलीस अशी दोन्ही कामं करणारा स्काउट कंपनीचाच अधिकारी होता. नगराला स्वतःचा स्काउट मिळायला १६६० उजाडलं. सोमवारी सकाळी ९ वाजता ही मंडळी जुन्या सरकारी खानावळीत बसायची, कारण तिलाच आता नगरभवन म्हणत. १६५३च्याच डिसेंबरमध्ये आसपासच्या गावांच्या प्रतिनिधींनी कायदे करताना आमची संमती घ्या म्हटलं, तर स्टायव्हेसंटच्या उत्तराचा आशय असा होता की आमचा अधिकार देवाकडून आणि कंपनीकडून येतो, मूठभर अडाणी रयतेच्या मर्जीने नाही.

गुलामांच्या मुक्तीचा दाखला तर वाचवत नाही. १८-१९ वर्षं राबलेल्या ११ आफ्रिकी पुरुषांनी स्वतः अर्ज केला, तेव्हा फेब्रुवारी १६४४ मध्ये त्यांना आणि त्यांच्या बायकांना मोकळं केलं. अटी अशा: प्रत्येकाने दरवर्षी ३० मापं धान्य आणि एक पुष्ट डुक्कर कंपनीला द्यायचं, कंपनीने बोलावलं की मजुरीवर हजर व्हायचं. आणि मुलं, जन्मलेली आणि पुढे जन्मणारीही, कंपनीची गुलामच राहणार. आईबाप मोकळे आणि पाळण्यातलं पोर मालकीचं! याला इतिहासकार 'अर्धं स्वातंत्र्य' म्हणतात. मला तर 'अर्धं' हा शब्दही जास्तच वाटतो.

धर्माचं म्हणाल, तर उघड उपासना फक्त डच रिफॉर्म्ड चर्चची. ल्यूथरन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी आणलेल्या पाद्र्याला परत पाठवलं. १६५४ मध्ये आलेल्या २३ ज्यूंना हाकलायची परवानगी स्टायव्हेसंटने मागितली. कंपनीने ती नाकारली खरी, पण ज्यूंचा पैसा आपल्या भांडवलात आहे हे कारण तिने पत्रातच लिहून ठेवलं. पहाऱ्याला उभं राहण्याचा आणि नागरिकत्वाचा हक्क आशर लेव्ही या ज्यू रहिवाशाला भांडून मिळवावा लागला.

इंग्रजांनी सगळं बुडवलं, हेही खरं नाही. शरणागतीच्या कलमांत डचांची धर्माची मोकळीक आणि वारसाहक्काची रीत राखली होती. शरण जा, असा अर्ज ९३ प्रतिष्ठित नागरिकांनीच स्टायव्हेसंटला केला होता. त्यात त्याच्या मुलाचीही सही होती.

क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात जाणाऱ्या मराठी मंडळींना बाउन स्ट्रीट ठाऊक असेल. १६५७ मध्ये याच फ्लशिंगच्या तीसेक रहिवाशांनी क्वेकरांवरच्या (पाद्री न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेक स्वतः क्वेकर नव्हते. स्टायव्हेसंटने त्यांच्यातल्या अधिकाऱ्यांना अटक केली. पुढे १६६२ मध्ये जॉन बाउनने आपल्या घरात क्वेकरांना जमू दिलं म्हणून त्याला दंड झाला. तो दंड भरेना, तेव्हा त्याला जहाजात घालून हद्दपार केलं. अ‍ॅमस्टरडॅमला कंपनीसमोर त्याने आपली बाजू मांडली आणि १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला कळवलं की शांतपणे राहणाऱ्यांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करू नका. बाउन परत आला. त्याचं ते घर आजही त्याच रस्त्यावर, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं आहे.