आजोबा, कोनिग्सबर्ग आणि पुरंदर

विनोदी नट गंभीर लिहायला बसला की आपण लगेच म्हणतो, "याला काय झालं आता?" ब्रिटिश विनोदवीर डेव्हिड बॅडिएलची 'द सीक्रेट पर्पजेस' (२००४) ही कादंबरी हातात घेताना मीही नाक मुरडलंच होतं. १९९३ साली जोडीदार रॉब न्यूमनबरोबर लंडनचं वेम्बली अरीना हे भलंमोठं सभागृह हसवणारा माणूस हा. फुटबॉलवरचं गाणं लिहिणारा. त्याला महायुद्ध कशाला हवं?

तर, त्याची आई १९३९ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या कोनिग्सबर्गला, ज्यू घरात जन्मली. नाझी राजवटीत ज्यू बाळाचं नावही सरकारी यादीतूनच ठेवावं लागे. आजोबांचा विटांचा कारखाना गेला. तान्ह्या लेकीला घेऊन त्यांनी इंग्लंड गाठलं. सुटलो म्हणेपर्यंत १९४० मध्ये इंग्रजांनीच त्यांना उचलून आइल ऑफ मॅन बेटावर डांबलं. गुन्हा काय, तर जर्मन असणं!

ही कैदही अजबच. समुद्रकाठची सुट्टीवाल्यांची लॉजं, भोवती काटेरी तार. नाझींपासून पळालेले ज्यू आणि काही खरे नाझी, दोघेही ब्रिटिशांच्या लेखी 'शत्रुदेशाचे नागरिक'. कुर्ट श्विटर्स हा चित्रकार तिथे उरलेल्या लापशीचे पुतळे करायचा. त्यांना बुरशी यायची, खोलीत वास सुटायचा.

मला आवडलं ते हे, की बॅडिएलने आजोबांना देव्हाऱ्यात बसवलं नाही. त्यांच्यावरून बेतलेला कादंबरीतला आयझॅक कारखानदार नाही, रब्बीचा (ज्यू धर्मगुरूचा) मुलगा आणि कम्युनिस्ट आहे. बायको-मुलगी केंब्रिजला असताना हा बेटावर दुसऱ्या बाईत गुंततो. (आपल्याकडे आजोबांवर असं लिहिलं तर दिवाळीला घरात घेणार नाहीत.) ती बाई, जून, ब्रिटिश माहिती खात्यात अनुवादक. नाझींच्या अत्याचाराचे पुरावे गोळा करायला ती बेटावर येते. आणि खरोखरीच्या त्या खात्याची जुलै १९४१ ची सूचना काय होती? अत्याचाराच्या बातम्या जपून वापरा, आणि त्या निर्विवाद निरपराध माणसांच्या असू द्या, ज्यूंच्या नकोत. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

अशी डांबाडांबी इंग्रजांनी इथेही केली. महायुद्धात पुरंदरावर जर्मन कुटुंबं नजरकैदेत होती, त्यांत नाझींपासून पळून आलेलेही होते. मी दोनदा गेलोय गडावर. मुरारबाजींच्या पुतळ्यापाशी फोटोही आहेत. ब्रिटिशांच्या त्या पडक्या इमारतींत कोण राहत होतं, हे विचारायचं मात्र सुचलंच नाही.