डिझेल ‘कोरडं’ झालेलं नाही, टाकीत ऑइल ओतू नका

‘बीएस-6 डिझेलमधलं सल्फर काढल्यामुळे ते कोरडं झालंय, जुन्या जीप, सुमो, ट्रॅक्टरचे पंप त्यामुळेच जातात. दर लिटरला 5 मिली टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल टाका. ते नसेल तर इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल कापडातून गाळून टाकीमागे एक लिटर टाका. अ‍ॅव्हरेज वाढतं, आवाज कमी होतो, नोझल साफ राहतात. नव्या गाड्यांनाही चालतं.’

हा मेसेज नुसता ग्रुपवर फिरत होता तोवर सोडून दिला. काल मामांनी तो पाठवून विचारलं, ‘गाळायला सुती कापड चालेल का?’

नाही मामा. कुठलंच कापड चालणार नाही. सगळ्यात घातक सल्ला हाच आहे, म्हणून आधी त्याचंच बोलू.

कापडाने कचरा अडतो, काजळी अडत नाही. काजळीचे गोळे होऊ नयेत, ती बारीक कणांत तरंगत राहावी, यासाठी इंजिन ऑइलमध्ये मुद्दाम रसायनं घातलेली असतात. ऑइल काळं होतं ते त्यामुळेच, आणि तेच काळेपण कापडातून जसंच्या तसं खाली येतं. सोबत बेअरिंग आणि रिंगांची झीज येते, पाणी येतं, आम्ल येतं. एफआय पंप म्हणजे डिझेल दाबाने नोझलकडे पाठवणारा पंप. त्यातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्या नळीत सरकतो ती) यांमधली फट 2-3 मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. डिझेल फिल्टर यातलं बरंच अडवेल, पण त्यात तोच चोंदेल, आणि चढावर लोड आला की गाडी ओढणार नाही. जे निसटेल ते प्लंजर घासत जाईल.

त्यात राख वेगळीच. ऑइलमधलं कॅल्शियम आणि झिंक जळून नाहीसं होत नाही. डिझेल इंजिनच्या नेहमीच्या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण साधारण 1 ते 1.5 टक्के असतं. म्हणजे लिटरभर ऑइल जाळलं की 10 ग्रॅमच्या आसपास राख सिलिंडरमधून जाते, आणि तीही दर टाकीला. बरीचशी सायलेन्सरवाटे बाहेर पडते, उरलेली पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर आणि नोझलच्या टोकाशी बसते. मग नोझल फवारा मारायचं सोडून थेंब गाळायला लागतं. काळा धूर ही सुरुवात झाली. थेंब पिस्टनवर एकाच जागी जळत राहिले तर पिस्टनच जळतो. ज्या उपायाने ‘नोझल साफ राहतात’ म्हणे, त्याचा हा परिणाम.

आता ‘कोरडं डिझेल’. सल्फर हे वंगण नव्हतंच. सल्फर काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही नैसर्गिक घटक सोबत निघून जातात, आणि वंगणाचं काम ते करत होते. एवढा भाग मेसेजमध्ये खरा आहे, तो मान्य करावाच लागेल. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये जवळपास सल्फरमुक्त डिझेल आलं तेव्हा रोटरी पंप (एफआय पंपाचाच एक प्रकार) खरोखर गेले होते. पण त्यातूनच रिफायनरीत वंगणगुण वाढवणारं द्रव्य मिसळायला सुरुवात झाली. आपल्याकडे सल्फर 350 पीपीएमवरून (दहा लाखात 350 भाग) 50 आणि 1 एप्रिल 2020पासून, म्हणजे बीएस-6 आल्यावर, देशभर 10 पीपीएमवर आलं. त्याच डिझेलला आयएस 1460 हे मानक लागू आहे. त्यात घर्षणाच्या चाचणीत पडणारा झिजेचा व्रण 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही.

हा 460चा आकडा लक्षात ठेवा. टूटी ऑइलवाले 2007च्या ज्या अमेरिकी चाचणीचा दाखला देतात, तिच्यात कोणतंही द्रव्य न मिसळलेल्या डिझेलचा व्रण 636 मायक्रॉन होता. त्यात 200ला 1 या प्रमाणात, म्हणजे लिटरला 5 मिली, टूटी ऑइल घातल्यावर तो 474वर आला. सुधारणा झाली, हे खरं. पण 474 म्हणजे आपल्या पंपावरच्या डिझेलला जी मर्यादा आधीच लागू आहे, तिच्याही वरच. त्याच चाचणीत 2 टक्के बायोडिझेलने व्रण 221वर आणला होता. शिवाय ते टूटी ऑइल बोटींच्या इंजिनाचं, राख न सोडणारं होतं. आपल्याकडच्या दुचाकींच्या टूटी ऑइलला थोडी राख चालते.

तुमचा एफआय पंप इनलाइन, म्हणजे दर सिलिंडरला एक असे प्लंजर ओळीने असलेला असेल, तर ते प्लंजर हलवणारा कॅमशाफ्ट तसाही इंजिन ऑइलमध्येच फिरतो. सगळं वंगण डिझेलकडून घेतो तो रोटरी पंप.

अ‍ॅव्हरेज? हजारात पाच भाग ऑइलने ते दोन-तीन किलोमीटरने वाढायला त्या पाच भागांत तेवढी ऊर्जा तरी हवी.

नव्या गाड्यांचं तर नावच काढू नका. बीएस-6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतः जाळते, राख जाळता येत नाही, ती साठत जाऊन तो चोंदतो.

मामा, तुमच्या पंपाची काळजी खरी असेल तर शत्रू पाणी आहे. पत्र्याच्या ड्रममध्ये अर्धवट भरून ठेवलेल्या डिझेलवर रात्री दव धरतं, ते तळाशी जातं आणि शेवटच्या कॅनमधून टाकीत येतं. ड्रमच्या तळाचं चार बोटं डिझेल वापरू नका. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) वाटीखालचा स्क्रू आठवड्याला सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा. फिल्टर मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांना बदला, नंतर हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारत ब्लीडिंग स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. पंपाला बाहेरून डिझेल पाझरत असेल तर जुनी रबरी सील आकसली आहेत, सील किट टाकून घ्या. धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल काढून पंपवाल्याकडे प्रेशर आणि फवारा तपासा. निळा असेल तर इंजिन आधीच ऑइल जाळतंय, त्यात टाकीतून आणखी देऊ नका.

काढलेलं काळं ऑइल बंद कॅनमध्ये ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.