निपल पिअर्सिंग म्हणजे कान टोचणं नव्हे

गेले काही महिने नाशिकच्या कॉलेजांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुली तो फोनवर उघडूनच आत येतात. मथळा असा: 'निपल पिअर्सिंगला घाबरू नका, कान टोचण्यासारखंच आहे.' खाली मुद्दे: सोनार किंवा गनवाला कुणीही करून देतो. चांदीची रिंग घाला. महिनाभरात भरतं. रोज डेटॉलने पुसा, हळद-खोबरेल लावा, रिंग फिरवत राहा. पुढे बाळाला पाजायला काहीही अडचण येत नाही. आणि पू झालाच तर रिंग काढून टाका, आपोआप बुजतं.

मी गंगापूर रोडला पिअर्सिंगचं काम करते. हा दागिना कुणी घालावा, कुणी घालू नये, हे मी सांगणार नाही. सज्ञान माणसाने आपल्या शरीराचं आपण ठरवावं. पण या मेसेजच्या भरवशावर निपल टोचून घेतलेल्या मुली नंतर माझ्याकडे येतात तेव्हा दुखऱ्या जागेला कपडासुद्धा सहन होत नसतो, आणि घरी एका शब्दाने बोलायची सोय नसते. ते बघून जीव तुटतो. म्हणून यातला एकेक मुद्दा घेते.

'कान टोचण्यासारखंच आहे, महिनाभरात भरतं.'

कानाची पाळी म्हणजे कातडी आणि थोडी चरबी. तिला दिवसभर काही काम नसतं, म्हणून तर आपण तान्ह्या बाळाचेही कान टोचतो. निपलचं तसं नाही. तिथे दुधाच्या नलिका उघडतात, मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, थंडीने किंवा स्पर्शाने निपल आकसतं, ताठरतं. वरून दिवसभर कपडा घासतो, रात्री पालथं झोपलं की दाब येतो. म्हणजे जखम कधी स्वस्थ बसतच नाही. कानाची पाळी साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. निपलला सहा महिने ते एक वर्ष लागतं, काहींना त्याहूनही जास्त. पुरुषांनाही हाच हिशेब लागू आहे.

महिनाभराने काय होतं ते सांगते. दोन्ही तोंडं कोरडी दिसतात, लाली गेलेली असते, दुखणं थांबलेलं असतं. मुलीला वाटतं, झालं. पण जखम बाहेरच्या दोन्ही टोकांकडून आत भरत जाते, मधला भाग सगळ्यात शेवटी भरतो. अशा वेळी हौसेने नवीन डिझाइनची रिंग घालायला गेलं की आतली कोवळी कातडी फाटते आणि पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा सुरू होतं.

'सोनार किंवा गनवाला कुणीही करून देतो.'

सराफ बाजारातल्या सोनारांबद्दल मला आदर आहे. कित्येक पिढ्यांच्या नाशिककरांचे कान त्यांनी टोचलेत, आणि पाळीत सोन्याची बारीक तार ओवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण तीच बारीक तार निपलमध्ये घातली तर ताण पडून, उकडलेलं अंडं दोऱ्याने कापावं तशी हळूहळू कातडी कापत बाहेर येते. इथे दागिन्याची जाडी साधारण १.६ मिलिमीटर लागते, काही वेळा २. आणि सोनाराच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आडोसा नसताना हे काम होणार तरी कसं?

गनबद्दल तर बोलायलाच नको. ती बोथट टोकाचा स्टड स्प्रिंगच्या जोरावर मांसातून रेटते. तिचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकत नाहीत, म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाचं रक्त तिच्यावर उडालं असेल तर ते नुसतं पुसून निघत नाही. स्टडची लांबी पाळीच्या मापाची, सूज आली की तो आत रुतून बसतो. निपलला गन लावायची नाही. यात अपवाद नाही.

मग हे व्हायला कसं हवं? पोकळ, धारदार, एकदाच वापरायची सुई. तिचं सीलबंद पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं पाहिजे आणि काम झाल्यावर ती तुमच्यासमोरच सुयांच्या जाड डब्यात गेली पाहिजे. बाकीची हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या किंवा त्याहून गरम वाफेतून काढलेली हवीत. उकळत्या पाण्यात बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, आणि पार्लरमधली ती निळ्या दिव्याची पेटीही त्या कामाची नाही. खूण करायची ती तुम्ही सरळ उभं राहून, हात खाली सोडलेले असताना, कारण आडवं पडलं की जागा सरकते. आरशात बघा, तिरकी वाटली तर पुसून पुन्हा करायला सांगा, संकोच करू नका. सुई निपलच्या मुळाशी जाते, भोवतीच्या गडद वर्तुळातून नाही. दुखतं का? हो, चांगलंच दुखतं, पण एका श्वासापुरतं. निपल फार चपटं असेल तर मी नाही म्हणते. अठरा पूर्ण नसतील तरीही नाही म्हणते, मग सोबत आई आलेली असली तरी. शरीराची वाढ अजून चालू असते.

'चांदीची रिंग घाला.'

नाशिकच्या चांदीचं नाव मोठं आहे. पायात घाला, गळ्यात घाला, ताज्या जखमेत घालू नका. ती तिथे काळवंडते आणि कातडीत कायमचा करडा डाग बसू शकतो. 'सर्जिकल स्टील' हे नाव भारदस्त वाटतं, पण त्यात निकेल असतं, आणि खोट्या कानातल्यांनी ज्यांना खाज सुटते त्यांना ते त्रास देऊ शकतं. एक ग्रॅम सोन्याचा वरचा थर उडतो. आपलं घरचं बावीस कॅरेट मऊ पडतं, त्यावर चरे उठतात. सगळ्यात निर्धोक म्हणजे शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटेनियम. 'एफ-१३६' हा त्याचा मानक आहे, दुकानदाराला तो विचारायचा आणि कागद बघायचा. सुरुवातीला रिंग नकोच, सरळ दांडी हवी. रिंग फार हलते. दांडी आधी थोडी लांब घेतात, सुजेला जागा म्हणून. सूज उतरली की पिअर्सरकडे जाऊन आखूड करून घ्यायची, नाहीतर ती लांब दांडीच सगळीकडे अडकत राहते.

'रोज डेटॉलने पुसा, हळद-खोबरेल लावा, रिंग फिरवत राहा.'

सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीने होतं, कारण यातलं प्रत्येक वाक्य आपल्या आजीच्या तोंडचं वाटतं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं तर जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशीही मरतात. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण भोकात अडकतात. तेलाने आणि मलमाने तोंड बंद होतं, आतला ओलावा आतच राहतो. आणि फिरवणं! दांडीवर सुकलेली खपली फिरवताना आत ओढली जाते आणि नुकतीच धरलेली कातडी खरवडून काढते. दांडीला हात लावायचा नाही, बस.

करायचं ते अगदी थोडं आहे. आधी साबणाने हात धुवायचे. मग दिवसातून एकदा किंवा दोनदा निर्जंतुक सलाइन, ०.९ टक्के मिठाचं. मेडिकलमध्ये 'एनएस' म्हटलं की लहान बाटली मिळते. फोडलेली बाटली पुढे आठवडाभर पुरवत बसू नका. घरचं मीठ-पाणी बहुतेक वेळा जास्त खारट होतं आणि जखम कोरडी पाडतं. खपली मऊ झाली की गॉजने अलगद टिपायची. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. आंघोळ रोज करा, स्वच्छ वाहतं पाणी चालतं. नंतर टॉवेलने रगडायचं नाही, टॉवेलच्या फाशात दांडी अडकली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मंगळसूत्र, ओढणी, स्कूटीवर आडवी टाकलेली बॅग, यांचंही तेच. सुती, अंगाबरोबर बसणारी ब्रा किंवा बनियन घाला. बऱ्याच जणींना रात्रीही घातली की बरं वाटतं.

पहिले काही आठवडे, कधी महिने, पांढरट-पिवळसर पातळ लस येते आणि वाळून तिची खपली धरते. हा पू नव्हे, ती जखम भरत असल्याची खूण आहे. नखाने काढू नका. जखम पुरती भरेपर्यंत जोडीदाराचं तोंड तिथे लागता कामा नये, हे लाजत का होईना पण स्पष्ट सांगून ठेवा. आणि साचलेलं पाणी टाळा: त्र्यंबक रोडचा तरणतलाव, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, रामकुंड. २०२७ च्या सिंहस्थात स्नान करायचं मनात असेल तर टोचून घेण्याचं वेळापत्रक त्याआधी किमान वर्षभराचं ठेवा, किंवा ते नंतरच करा. श्रद्धेला माझा नमस्कार आहे, पण उघडी जखम घेऊन नदीत उतरू नका.

'बाळाला पाजायला काहीही अडचण येत नाही.'

हे अर्धं खरं आहे, आणि याच्या उलट 'कधीच पाजता येणार नाही' हेही अनेक मावश्या-काकू ठामपणे सांगतात, तेही खरं नाही. निपलमध्ये दुधाची वाट एकच नसते, सरासरी नऊच्या आसपास नलिका असतात. त्यामुळे पिअर्सिंग नीट भरलेलं असेल तर बहुतेक आया पाजू शकतात. पण काहींच्या बाबतीत आतल्या व्रणाने एखाद-दुसरी नलिका बंद होते, त्या बाजूला दूध कमी उतरतं किंवा तुंबून गाठ धरते. काहींना टोचलेल्या भोकातूनही दूध गळतं. ते दिसायला विचित्र वाटलं तरी घाबरण्यासारखं नाही. पाजताना दागिना दर वेळी काढायचाच, सुटा झाला तर बाळाच्या घशात अडकेल. आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नवीन पिअर्सिंग करायचं नाही. लग्न ठरलंय, वर्षा-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे, असं कुणी सांगितलं की मी तिला हे सगळं समोर बसवून सांगते. मग ती ठरवते.

कॅन्सरचंही येता-जाता विचारतात. पिअर्सिंगने स्तनाचा कॅन्सर होतो याला पुरावा नाही. पण गाठ लागली किंवा रक्तमिश्रित स्राव आला तर 'पिअर्सिंगमुळेच असेल' म्हणून अंगावर काढू नका, तपासून घ्या.

'पू झाला तर रिंग काढून टाका, आपोआप बुजतं.'

हा मुद्दा धोक्याचा आहे. दांडी काढली की दोन्ही तोंडं पटकन मिटतात आणि पू आत कोंडतो. त्याचं गळू होतं, मग चिरा देऊन काढावं लागतं. घट्ट, हिरवट किंवा दुर्गंधी येणारा पू, वाढत जाणारी लाली, हाताला लागणारी गरमी, ठणका, ताप यांतलं काही दिसलं तर दांडी तशीच ठेवून डॉक्टरकडे जा. काढायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा विकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर टोचण्याआधीच त्यांना विचारा.

एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. पाण्यात आणि मातीत राहणारे, क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ शोभावेत असे काही मायकोबॅक्टेरिया असतात. निपल पिअर्सिंगनंतर त्यांचा संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उगवतो, वरची जखम भरल्यासारखी दिसत असताना. नेहमीच्या अँटिबायोटिकच्या कोर्सने तो हटत नाही, वेगळी औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात. तो ओळखायचा तर पू त्याच जंतूंच्या खास तपासणीला पाठवावा लागतो, आणि डॉक्टर तो तेव्हाच पाठवतील जेव्हा त्यांना पिअर्सिंग माहीत असेल. कित्येक मुली भीतीपोटी आधी दांडी काढतात, मग दवाखान्यात जाऊन 'अशीच गाठ आलीय' म्हणतात. तसं करू नका. त्वचारोगतज्ज्ञ असो, सर्जन असो, नाहीतर सिव्हिलची ओपीडी, पहिलं वाक्य हेच बोला: 'मी अमुक महिन्यांपूर्वी निपल पिअर्सिंग केलंय, आणि या-या गोळ्या घेऊन झाल्यात.' स्त्री डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच तसं सांगा. एकटीने जायचा धीर होत नसेल तर मैत्रिणीला सोबत न्या, पण दुखणं वाढेपर्यंत थांबू नका.