यात्रा कंपनी की आपले आपण? वन्संच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

गेल्या रविवारी इथे इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या वन्संकडे जेवायला गेलो होतो. त्या यंदा निवृत्त झाल्या असून त्यांना आणि त्यांच्या यजमानांना या हिवाळ्यात हम्पी-बदामीला जायचे आहे. जेवणे आटोपल्यावर त्यांनी एका यात्रा कंपनीचे पत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "तू सांग, यांच्याबरोबर जाऊ की आपले आपण जाऊ?" मी तेव्हा उत्तर दिले नाही. या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे बहुधा खर्चाच्या हिशेबावर लावला जातो, नाहीतर कोण किती धीट आहे यावर, आणि ही दोन्ही मापे मला अपुरी वाटतात. आम्ही दोन्ही तऱ्हांनी भरपूर फिरलो आहोत, म्हणून इथे नीट लिहिते.

वेरूळ मी पहिल्यांदा पाहिले ते कंपनीच्या सहलीत. सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला बस, हा त्यांचा ठरलेला 'सहा-सात-आठ'. कैलास लेण्यासाठी आम्हाला पाऊण तास मिळाला. जोत्यावरच्या हत्तींपुढे सर्वांचे फोटो काढून होईपर्यंत टूर मॅनेजरची शिट्टी वाजली, कारण त्याच दिवसात घृष्णेश्वर, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा आणि पैठणीचे दुकान बसवायचे होते. मी त्यांना दोष देत नाही. चाळीस माणसांची बस हाकायची, तर सर्वात कमी रस असलेल्या माणसाला कंटाळा येण्याच्या आत निघावेच लागते. पण आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एकाच कातळातून, वरून खाली उतरत कोरलेले ते मंदिर मी पाहिले असे मला त्या दिवशी म्हणता येईना, आणि ही रुखरुख पुढे पाच वर्षे राहिली.

दुसऱ्यांदा आम्ही दोघे आणि मुलगी आमच्या गाडीने गेलो. बडवाह, सनावद करत बुऱ्हाणपूरला मुक्काम केला. तिथल्या शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरची चित्रे पाहिली. मुमताज महल १६३१ साली याच गावी वारली आणि आधी इथेच दफन झाली होती, हे कळल्यावर मुलीने तो सगळा इतिहास मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. रात्री माव्याची जिलबी खाल्ली. इंदूरहून इतक्या जवळ असूनही हे गाव कोणत्याही कंपनीच्या पत्रकात माझ्या पाहण्यात आलेले नाही. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, एवढे पथ्य सांभाळले आणि बाकी दिवस मोकळे ठेवले.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी, म्हणजे बसगाड्या येतात त्या वेळी, ती सावलीत असतात आणि ऊन दुपारनंतर आत शिरते. आम्ही तिसऱ्या प्रहरी दहाव्या लेण्यात जाऊन बसलो. गावकरी त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. दारावरच्या गवाक्षातून आलेला उजेड त्या फासळ्यांवर हळूहळू सरकत होता आणि आम्ही तिघे जवळजवळ तासभर बोललो नाही. कैलासात रावण पर्वत हलवतो त्या शिल्पापुढे मुलीनेच मला दाखवले की पार्वतीने शंकराचा हात घट्ट धरला आहे आणि मागची दासी घाबरून पळत सुटली आहे. पहिल्या खेपेला मी याच शिल्पासमोर उभी राहिले होते, पण दासी काही मला दिसली नव्हती.

म्हणजे कंपनीबरोबर जाताना आपण पैसे देतोच, पण त्याहून मोठी गोष्ट देतो, ती म्हणजे एखाद्या जागी किती वेळ थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार. मोबदल्यात आपल्याला श्रमांतून सुटका मिळते, आणि ते श्रम कमी लेखणाऱ्यांशी माझे पटत नाही. साठ दिवस आधी उघडणारे रेल्वेचे आरक्षण, हॉटेलांची चौकशी, गाडीवाल्याशी घासाघीस, औषधांची पिशवी, वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा अंदाज, हे सर्व घरातले कोणीतरी एक माणूस करत असते आणि बहुतेक घरांत ते माणूस बाई असते. एका सहलीत आम्ही अॅपवरून घेतलेल्या हॉटेलात रात्री साडेदहाला पोहोचलो, तर "तुमचे बुकिंग दिसत नाही" असे उत्तर मिळाले. थंडीत, झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन आम्ही दोन गल्ल्या फिरलो. दुसऱ्या एका सहलीत स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले, तर चारही दिवस नाश्ता माझ्याकडेच आला. अशा सुट्टीला स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर ते कोणाचे, हेही विचारले पाहिजे.

माझ्या आईची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. बाबा गेल्यानंतर तीन वर्षे ती घराबाहेर फारशी पडलीच नाही. चारधामची तिची इच्छा जुनी होती, पण मला रजा मिळेना आणि भाऊ परदेशात. शेवटी एकाहत्तराव्या वर्षी ती यात्रा कंपनीबरोबर गेली. यात्रेची सक्तीची नोंदणी, गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतच्या सुमारे सोळा किलोमीटरच्या चढासाठी पालखी, साध्या वरणभाताचे जेवण, हे सारे त्यांनी पाहिले. गुप्तकाशीला रात्री तिला धाप लागली तेव्हा टूर मॅनेजर स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि मला दर अर्ध्या तासाने फोन करत राहिला. खोलीत जोडीदार म्हणून मिळालेल्या नागपूरच्या बाईंशी तिची आता दर एकादशीला बोलणी होतात. मी बरोबर असते तर आई माझी आई म्हणूनच फिरली असती, तिथे मात्र ती स्वतःच्या नावाने फिरली. म्हणून कंपनीबरोबर जाणाऱ्यांना कोणी मेंढरांचा कळप म्हटले की मला मनापासून राग येतो.

टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात आगगाडीने नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी नेलेली साधी कष्टकरी माणसे होती. ज्यांना प्रवासाची दारे बंद होती त्यांच्यासाठी ही पद्धत निघाली आणि आजही एकट्या बाईला, वृद्धाला, भाषेची अडचण असलेल्याला ती दार उघडून देते. आपल्या अहिल्याबाईंनी काशीपासून बद्रीनाथपर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तेव्हा यात्रेकरूला निवारा मिळाला आणि किती दिवस राहायचे हे त्याच्याच हाती राहिले. मला वाटते, आपल्या रस्त्यांवर आज तशी भरवशाची उतरण्याची ठिकाणे असती, तर निम्म्या लोकांना कंपनीची गरजच पडली नसती.

आपल्या इंदूरकरांची एक वेगळी अडचण आहे. मराठी यात्रा कंपन्यांच्या बहुतेक सहली मुंबई-पुण्याहून निघतात. म्हणजे आदल्या रात्री अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठायची, परतताना पुन्हा एक दिवस मोडायचा आणि वर त्याचा खर्च. अशा वेळी 'जॉइनिंग-लीव्हिंग'चा दर विचारावा, म्हणजे आपण थेट ठिकाणी जाऊन गटात सामील व्हायचे आणि तिथूनच निघायचे. तुलना करायची ती या दराशी करावी.

पत्रक वाचताना दिवस मोजू नयेत, तास मोजावेत. 'आठ दिवस, सात रात्री' यांत पहिला आणि शेवटचा दिवस बहुधा येण्याजाण्यातच जातो. 'बाहेरून दर्शन', 'फोटो स्टॉप' आणि 'प्रवेशासह' या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सहल रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम कापली जाते, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे. परदेशी पॅकेजवर कंपनी आपल्याकडून सरकारसाठी जो टीसीएस गोळा करते, तो आपलाच आगाऊ भरलेला कर असतो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. लेह तर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानाने तिथे उतरल्यावर शरीराला निदान दोन दिवस विश्रांती हवी असते, आणि जी कंपनी दुसऱ्याच दिवशी खारदुंगला या त्याहून कितीतरी उंच खिंडीकडे नेते तिचे नाव मी यादीतून काढून टाकते, मग ती कितीही स्वस्त असो.

आता वन्संचा प्रश्न. त्या पत्रकात हम्पीला एकच दिवस दिलेला आहे. विजयनगरची ही राजधानी चाळीसेक चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे आणि विठ्ठल मंदिरातला दगडी रथ पाहायचा तर बॅटरीवरच्या गाडीने जाण्यायेण्यातच वेळ मोडतो. वन्सं शाळेत इतिहास शिकवत होत्या. एक दिवसात हम्पी पाहून त्या कोरड्या मनाने परत येतील हे मला आत्ताच दिसते आहे. यजमानांचा गुडघा दुखतो हे खरे, पण त्यासाठी बसच्या वेळेमागे धावण्यापेक्षा हम्पीजवळच्या होस्पेटहून दिवसभराची गाडी घेणे आणि दुपारी खोलीवर येऊन पडणे त्यांना अधिक सोसेल. म्हणून मी काल त्यांना फोन करून सांगितले की हम्पीला तीन रात्री आणि बदामीला दोन रात्री राहा आणि आपले आपण जा. आरक्षणे मी करून देते, ते काम तुमच्यावर पडू देणार नाही. पुढच्या वर्षी केदारनाथला जायचे म्हणता, तेव्हा मात्र यात्रा कंपनीकडेच नाव नोंदवा. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "बदामीची लेणी कोणत्या दिशेला तोंड करून आहेत गं?" ते आज रात्री पाहून त्यांना कळवायचे आहे.