‘चंद्र बघून पेरा’ या मेसेजला उत्तर

"काकू, माझी तिथी चुकली," असं म्हणत ती मिरचीचा ट्रे घेऊन आली. तीन आठवडे झाले होते आणि एकही रोप वर आलं नव्हतं. मी काडीनं एका खळग्यातली माती बाजूला केली. बी सापडलं, पण बोटात धरताच त्याचा लगदा झाला. माती चिप्प ओली होती, आणि बी जवळजवळ दोन पेरं खोल गेलेलं. थर्मामीटर खोचला, तर 14 अंश. इतक्या गार, ओल्या मातीत मिरची उगवत नाही, सडते. तिला मात्र खात्री होती की अमावास्येच्या आधी पेरल्यामुळेच हे झालं, कारण तिच्या मोबाइलवर तो मेसेज होता.

तुम्हालाही तो आला असणार. त्यात म्हटलंय की भरती-ओहोटी घडवणारा चंद्र मातीतलं पाणी आणि झाडातला रसही ओढतो, म्हणून शुक्ल पक्षात पालेभाज्या आणि फळभाज्या पेराव्यात, कृष्ण पक्षात कंदमुळं. वाढत्या चांदण्यानं पानं वाढतात, असंही त्यात आहे. चंद्राच्या राशीप्रमाणे मुळांचे, पानांचे, फुलांचे, फळांचे दिवस ठरलेले आहेत आणि हे शास्त्रानं सिद्ध झालंय. पूर्वी सगळे असंच पेरायचे. करून बघा, अनुभव येईल. आणि शेवटी, तिथी चुकली तर बी वाया. या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. नवीन माणूस हौसेनं पेरतो, उगवत नाही, आणि खरं कारण शोधायचं सोडून पंचांग उघडून बसतो.

आता एकेक मुद्दा घेते.

भरती-ओहोटीचा मुद्दा पटकन पटतो, म्हणून तोच आधी. चंद्राच्या ओढीनं समुद्र वर-खाली होतो, हे खरंच आहे. पण भरती येते ती पृथ्वीच्या एका बाजूला चंद्राची ओढ थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडी कमी पडते म्हणून. हा फरक पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या साधारण एक कोटीव्या भागाइतका आहे. तो दिसायला महासागराएवढा पसारा लागतो. उत्तर अमेरिकेतली ग्रेट लेक्स म्हणजे समुद्रासारखीच पसरलेली सरोवरं, पण तिथेसुद्धा चंद्र-सूर्याची भरती 5 सेंटीमीटरपेक्षा कमी असते. वीतभर रुंद कुंडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत या ओढीत फरक तो किती पडणार?

हे आकडे बाजूला ठेवले, तरी मेसेजचं गणित त्याच्याच उदाहरणावर अडतं. बहुतेक किनाऱ्यांवर भरती दिवसातून दोनदा येते आणि दोनदा ओसरते. म्हणजे चंद्र कुंडीतलं पाणी ओढत असेल, तर ते रोजच दोनदा वर जाऊन दोनदा खाली यायला हवं. पंधरा दिवस वर आणि पंधरा दिवस खाली नाही. दुसरं म्हणजे उधाणाची मोठी भरती पौर्णिमेला येते तशीच अमावास्येलाही येते. भरतीच्या हिशेबानं हे दोन दिवस जुळे आहेत. मेसेज मात्र त्यांना एकमेकांच्या विरुद्ध टोकांना बसवतो.

मग झाडात पाणी चढतं कसं? पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ बाहेर जाते आणि तिच्यामागे खोडातला पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. भर उन्हात हा ताण हवेच्या दाबाच्या दहा-वीस पट होऊ शकतो. ऊन, वारा, हवेतला दमटपणा आणि मुळांपाशी असलेली ओल यांवर तो ठरतो. उन्हात माना टाकलेलं रोप संध्याकाळी ताठ उभं राहतं, ते याच कारणानं. मातीतलं पाणीही कणांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणानं सरकतं. म्हणून तर मोठा भाग रेतीचा असलेली कुंडी लवकर कोरडी पडते आणि चिकण माती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते.

चांदण्यानं पानं वाढतात, या मुद्द्याला फार वेळ लागणार नाही. पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो आणि भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास. सावलीत वाढणाऱ्या झाडालासुद्धा स्वतःपुरतं अन्न तयार करायला याच्या कितीतरी पट उजेड लागतो. शिवाय शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र आणि कृष्ण अष्टमीचा अर्धा चंद्र यांचा उजेड जवळपास सारखाच असतो. एक संध्याकाळी दिसतो, दुसरा मध्यरात्रीनंतर. एकानं पानं वाढवायची आणि दुसऱ्यानं मुळं, असं कसं होईल?

रात्रीच्या उजेडाचा झाडांवर परिणाम होतो हे मात्र खरं आहे. ही गोष्ट बागेत कामाची आहे, म्हणून इथे थोडी थांबते. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी 1920 मध्ये दाखवलं की पुष्कळ झाडं फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे कळलं की झाड खरं तर सलग अंधाराचे तास मोजतं. शेवंतीला फुलायला लांब, अखंड रात्र लागते. तुमची शेवंती हिरवीगार असूनही कळ्या धरत नसेल, तर रात्री तिच्यावर दिवा पडतोय का ते बघा. रस्त्यावरच्या दिव्याखालचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या कित्येक पट असतो. कांद्याचंही असंच आहे. काही जातींचे कांदे दिवस अकरा-बारा तासांचा झाला की भरू लागतात, काहींना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. चुकीची जात लावली तर कितीही मुहूर्त बघा, हाती पातच येते.

मुळांचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे दिवस ही विभागणी फार प्राचीन असल्याचं मेसेज सुचवतो. आज ती ज्या रूपात फिरते ते रूप विसाव्या शतकातलं आहे. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी 1924 मध्ये कोबरविट्झ (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) इथे शेतीवर व्याख्यानं दिली, त्यांतून बायोडायनॅमिक शेती, म्हणजे रासायनिक खतं टाळून चंद्र-ग्रहांचाही विचार करणारी शेतीपद्धत, निघाली. पुढे जर्मनीतल्या मारिया थुन यांनी मुळा या भाजीवर प्रयोग करत राशीप्रमाणे दिवस मांडले आणि 1960च्या दशकापासून त्यांचं कॅलेंडर दरवर्षी छापलं जाऊ लागलं. त्यांनी आयुष्यभर मन लावून नोंदी ठेवल्या, त्याबद्दल मला आदर आहे. पण ‘सिद्ध झालंय’ असं म्हणायचं तर दुसऱ्यांनी तपासल्यावरही तेच दिसायला हवं. 2020 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी ‘अ‍ॅग्रोनॉमी’ या नियतकालिकात या विषयाचा आढावा घेतला. चंद्राच्या कलांचा शेतीतल्या झाडांवर परिणाम होतो या समजुतीला भौतिकशास्त्रात किंवा जीवशास्त्रात विश्वासार्ह आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ही कॅलेंडरं आपसांतही जुळत नाहीत. काही आकाशात दिसणारे तारकासमूह धरतात, काही पाश्चात्त्य ज्योतिषातल्या राशी. दोन्हींत आता सुमारे 24 अंशांचं अंतर पडलंय. चंद्र दिवसाला 13 अंश चालतो, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचा फरक. चंद्र एका राशीत राहतो तोच मुळी सव्वादोन दिवस. त्यामुळे एका कॅलेंडरात आज मुळांचा दिवस असतो आणि दुसऱ्यात दुसराच कसला तरी.

एक गोष्ट मान्य करते. चंद्राच्या तालावर चालणारे जीव आहेत. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळं वर्षातून ठरावीक काळात, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, एकत्र अंडी सोडतात. पण ती समुद्रात राहतात आणि उजेडातला बारीक फरक ओळखणारी यंत्रणा त्यांच्यात आहे. मिरचीचं बी मातीखाली अंधारात पडलेलं असतं.

राहिले पूर्वज. पूर्वी लोक चंद्र बघून पेरायचे यात खोटं काही नाही. घड्याळ नाही, छापील कॅलेंडर नाही. आकाशात रोज आकार बदलणारी ही एकच ठळक खूण सगळ्यांना दिसायची. ‘पौर्णिमेनंतर चार दिवसांनी’ असं सांगितलं की सगळ्यांना कळायचं. चंद्र दिवस मोजायला होता. पण बारा चांद्र महिने म्हणजे 354 दिवस, ऋतुचक्रापेक्षा 11 दिवस कमी. म्हणूनच ऋतूशी मेळ ठेवणाऱ्या चांद्र कालगणनांना मधूनमधून जादा महिना घालावा लागतो. पेरणाऱ्या माणसाची नजर ऋतूवर असायची. तो मातीची मूठ वळून बघायचा, पालवी कुठवर आली ते बघायचा. हे त्याचं खरं शहाणपण मेसेजमधून गळून गेलंय.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात वसंत असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात शरद असतो. पौर्णिमा मात्र दोन्हीकडे एकच. हा मेसेज दोघांनाही एकाच दिवशी टोमॅटो पेरायला सांगतो. एकाचं रोप उबेत वाढणार, दुसऱ्याचं गारठ्यात अडकणार. टोमॅटोचं बी 10 अंशांच्या मातीत उगवायला सहा आठवडे घेतं, 15 अंशांत दोन आठवडे आणि 25 अंशांत सहा दिवस. लेट्यूसचं उलट, माती तिशीच्या पुढे तापली की कित्येक जातींचं बी झोपूनच राहतं. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत निकामी होऊ लागतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार वर्षंही टिकतं. यातलं काहीही तिथीवरून कळत नाही. आणि नोकरी, घर, पोरंबाळं सांभाळून ज्याला आठवड्यात एकच मोकळी सकाळ मिळते, त्याची ती सकाळ ‘आज चालत नाही’ म्हणून वाया गेली, तर ट्रेमधली रोपं थांबत नाहीत. त्यांची मुळं तळाशी गोल गोल फिरत गुंता करतात आणि पुढे लावल्यावर रोप आठवडाभर रुसून बसतं.

‘अनुभव येईल’ याचं उत्तर मिरचीच्या ट्रेवरूनच देते. आम्ही तिच्या त्याच पाकिटातलं बी घेतलं, पाव इंच खोल पेरलं, माती नुसती दमट ठेवली आणि ट्रे उबेला ठेवला. माती 27 अंश होती. नवव्या दिवशी पहिली वाकडी मान वर आली. तेव्हा कृष्ण पक्ष चालू होता. मी तिला लगेच सांगितलं, यावरून चंद्राचं काही सिद्ध होत नाही, कारण आपण एकदम तीन गोष्टी बदलल्या.

करून बघायचंच असेल तर असं बघा. आधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून, झाकून उबेला ठेवा. किती मोड येतात त्यावरून बी जिवंत आहे का ते कळेल. मग त्याच पाकिटातल्या वीस बिया शुक्ल पक्षात आणि वीस कृष्ण पक्षात पेरा. माती, खोली, पाणी, जागा तीच. हे एकदा करून भागणार नाही, कारण पंधरा दिवसांत हवाच बदलते; निदान सहा महिने ओळीनं करा. उगवलेली रोपं अशा माणसाला मोजायला द्या, ज्याला कुठला ट्रे कधीचा ते माहीत नाही. प्रत्येक ट्रेवर पेरल्याची तारीख लिहा, आणि सकाळी आठ वाजता बोटभर खोलीवर मातीचं तापमान किती होतं तेही. सहा महिन्यांनी तुमच्या वहीत चंद्राचा फरक खरंच दिसला, तर ती वही मला दाखवा, मी पुन्हा लिहीन.