अप्रेंटिस म्हणजे फुकटचा मजूर? मग हे पण वाचा

दोन दिवस झाले आमच्या पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय. "अप्रेंटिसशिपचा कायदा वाढवणं म्हणजे मालकांना फुकट मजूर, वर्षभर राबवून घेतात आणि घरी पाठवतात, तसाही कायदा दिल्लीचा, राज्याच्या हातात काही नाही, आणि सोलापुरात शिकून करणार काय, शेवटी पुण्यालाच जायचं." मी आयटीआयचा फिटर. हे वाचून पोरं फॉर्म भरायचं सोडतायत म्हणून लिहितोय.

आधी ते फुकट. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं स्टायपेंड द्यावाच लागतो, २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे महिना किमान ५ ते ९ हजार ठरवला होता. कमी आहे, वाढायलाच पाहिजे, पण फुकट नाही. खरं फुकट जिथं कायदा पोचतच नाही तिथं चालतं. माझा मावसभाऊ एका वर्कशॉपात दोन वर्षं "शिकाऊ" होता, रोजचा चहा आणि शनिवारी मालक हातावर ठेवेल तेवढे पैसे. एक दिवस लेथमध्ये बोट सापडलं, उजव्या हाताचं पहिलं, अजून नीट वाकत नाही, आणि मालक म्हणाला तू आमच्या रजिस्टरला आहेसच कुठं. ना भरपाई ना सर्टिफिकेट. रजिस्टर केलेला करार असता तर ह्याच कायद्यानं भरपाईची जबाबदारी मालकावर आली असती, आणि परीक्षा पास झाल्यावर देशभर चालणारं सर्टिफिकेट हातात असतं.

घरी पाठवतात हे अर्धं खरंय, मान्य. नोकरी द्यायची सक्ती कायद्यात नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच बंधन. २०१४ च्या दुरुस्तीत मालकानं भरतीचं धोरण ठरवावं एवढं आलं, त्यानं पोराचं पोट भरत नाही. मग कायदा कडक करा म्हणा ना, कायदाच नको कशाला?

राज्याच्या हातात काही नाही, हे तर साफ चूक. कामगारांचं तांत्रिक प्रशिक्षण संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. छत्तीसगडनं २०१३ मध्येच तरुणांना कौशल्य प्रशिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडं २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, आधी सहा महिन्यांची, पण ती योजना आहे, जीआरनं आली आणि जीआरनं जाऊ पण शकते. राज्यानं कायदाच केला तर तो रद्द करायला विधानसभेत यावं लागतं.

राहिलं सोलापूर. अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे ते ३० किंवा जास्त माणसं असतील तिथं, आणि आपल्या पूर्व भागातले कितीतरी यंत्रमाग कारखाने त्याच्या खाली. पण माणूस तिथंच कमी पडतोय! आमच्या गल्लीतले एक जॉबर काका, म्हणजे माग दुरुस्त करणारे, दारातून आत येता येता आवाजावरनं सांगतात कुठला माग बिघडलाय, वय साठीच्या पुढं, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला आज एक पोरगा नाही. केंद्राच्या कायद्यात अनेक मालकांनी मिळून प्रशिक्षण द्यायची सोय आहे, राज्यानं त्याला पैसा आणि जागा द्यायचं कायद्यात लिहिलं तर दहा कारखाने मिळून दहा पोरं अशा काकांच्या हाताखाली देता येतील. आमदारांकडं हे मागा. आणि ज्यांची पोरं आत्ता कुठं "शिकाऊ" म्हणून जातायत त्यांनी उद्या सकाळीच जाऊन विचारा, करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर रजिस्टर केलाय का.