एप्रिलची छाटणी
स्टार्टअपने सुरुवातीलाच १० वर्षांचे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, हा एका लेखात वाचलेला मुद्दा नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला सहज पटेल. कारण एप्रिलच्या खरड छाटणीतून, म्हणजे वेलीच्या जुन्या काड्या बुडाशी छाटण्यातून, हाती एकही घड लागत नसला, तरी पुढच्या हंगामाचे घड त्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांतच (कोंबांतच) ठरतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते केवळ दिसू लागतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रणा बनवताना आम्ही नेमके उलट केले. पहिल्या मोठ्या ग्राहकाच्या प्रत्येक मागणीसाठी सॉफ्टवेअर वाकवत गेलो आणि तिसऱ्या वर्षी त्याने पाठ फिरवली, तेव्हा दुसऱ्या कुणाला विकण्याजोगे काही उरलेच नव्हते. (पगार मात्र दर ७ तारखेला द्यावेच लागत, हेही खरे.) आता नवी मागणी आली की ती आणखी १० शीतगृहांना लागेल का, हे आम्ही आधी तपासतो.